विहिरीत बुडवलेला पलंग

आईचा पलंग विहिरीत होता. चार दिवसांपासून होता. हे मला लासुर्ण्याच्या आमच्या शेतात शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास कळलं. आई रविवारी दुपारी बारामतीच्या दवाखान्यातून घरी येणार होती.

पडल्यामुळे तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि सांधा बदलावा लागला होता. डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा बजावली होती: बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, नवा सांधा निखळू शकतो. आमच्या घरातली एकुलती खाट जमिनीपासून दीड वीत उंच. म्हणून मी बारामतीत उंच पलंग पाहिला. सागवानाचा करून द्यायला सुतार तीन आठवडे मागत होता. प्लायवूडचा तयार नव्हता. दुकानात शिल्लक होता तो उसाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळ्यांचा. वर पांढरा चकचकीत पापुद्रा, भोकं आधीच पाडलेली. घरी नेऊन स्क्रू पिळले की झालं. दुकानदारानं पाण्यापासून जपायला सांगितलं होतं.

ते मी आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लाकूड पाण्याला का भितं, असं त्यांनी विचारलं असतं. दारांना सागवान, औताला बाभूळ, धान्याच्या पेटीला कडुनिंब, असं त्यांचं सगळं ठरलेलं. भुशाचा पलंग त्यांनी टेम्पोतून उतरूच दिला नसता. मी फोनवर एवढंच म्हणाले, की लाकूड पाठवलंय, सावलीत ठेवा, शनिवारी येऊन जोडते. मी वर्तमानपत्रात बातम्या तपासते; एक शब्द सैल पडला तर बातमी परत पाठवते. इथं 'लाकूड' हा सैल शब्द मी विचार करून वापरला होता.

शनिवारी सावलीत काही नव्हतं. आबा गोठ्याजवळ दाढी करत होते. फळ्या कुठं आहेत विचारलं, तर आरशातून नजर न काढता त्यांनी विहिरीकडे बोट केलं.

"वास घिऊन बघितला. लई उग्र. रस गेलेला न्हाय अजून," ते म्हणाले.

तो वास डिंकाचा होता; पांढरा पापुद्रा त्यांना रंग वाटला होता. आबा लाकूड आधी नाकानं तपासतात. उग्र वास म्हणजे ओलं, कच्चं लाकूड. ते विहिरीत बुडवायचं, रस पाण्यात उतरू द्यायचा, मग वाळवायचं, म्हणजे भुंगा लागत नाही. आमच्याकडे बाभळीच्या प्रत्येक ओंडक्याचं हेच केलं गेलं. दिवस कमी होते, म्हणून शुक्रवारी काढून वाळत घालायचं त्यांनी ठरवलं होतं. शुक्रवारी काठावरून वाकून वास घेतला, तर तो अजून होता. म्हणून फळ्या आणखी एक रात्र ठेवल्या.

फळ्यांना बांधलेला दोर मी ओढला. तो हलका लागला. वर आला तो पांढरा पापुद्रा आणि त्याला लोंबणारा तपकिरी लगदा. उरलेली फळी काठावर आपटून पडली, भिजल्या भाकरीसारखी. दुसऱ्या दोराच्या फासात काहीच नव्हतं. विहिरीच्या पाण्यावर साय धरावी तसा भुसा पसरला होता.  डोक्यात एकच हिशेब चालू होता: उद्या दुपारपर्यंत सत्तावीस तास.

आबा अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून आले. त्यांनी लगदा चिमटीत घेतला, पिळला, नाकाशी नेला. पन्नास वर्षं ऊस केलेल्या माणसाला वेळ लागला नाही.

"हे चिपाड हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू लाकूड म्हणाली व्हतीस."

मी फासातला पापुद्रा सोडवला. दुकानात दुसरा उंच पलंग तयार नव्हता आणि शनिवारी ते बंदही असतं, हे सांगितलं नाही.

त्यांनी राहिलेली दाढी केली. मग मोडीत निघालेल्या बैलगाडीचा आख, म्हणजे चाकांमधला जाड लाकडी दांडा, छपरातून ओढून काढला. त्या आखाची बाभूळ माझ्या जन्माआधी विहिरीत मुरलेली. करवतीचा आवाज दगड कापल्यासारखा येत होता. दवाखान्यात आईच्या गुडघ्याची उंची मोजून गाठ मारलेला दोरा त्यांच्या खिशात होता. पलंग मी आणणार म्हटल्यावर तो त्यांनी मला दाखवलाच नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यांनी जुन्या खाटेखाली घालायला चार ठोकळे कापले. खाटेचे पाय सरकू नयेत म्हणून प्रत्येकात वाटीएवढी खोबण कोरली. मी ठोकळे धरून बसले. 

रविवारी आई वॉकर धरून आत आली. आबांनी तिला दंडाला धरून खाटेवर टेकवलं आणि वाकून आधी गुडघा पाहिला, मग खुबा. गुडघा दोन बोटं खाली होता.

"नवा पलंग कुठं हाय?" आईनं विचारलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी सगळं सांगितलं: फळी कशाची होती, मी काय लपवलं, ती आता कुठं आहे.

आईनं ठोकळ्यांकडे बघितलं. "जलमभर ऊस डोक्यावं वाहिला," ती म्हणाली. "आता त्याच्यावरच निजवत व्हतीस व्हय मला?"

ती हसली. आबा हसले नाहीत. ते बादली घेऊन विहिरीवर गेले आणि भुसा गाळून काढायला लागले. मी दुसरी बादली घेतली.