मेणमातीचा मास्तर

मातीचा गोळा मास्तर आधी गालाला लावून बघत. डोळे मिटायचे, गोळा गालावर टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "गालाला सोसली की बोटांना सोसती." मग लगेच तो गोळा फरशीवर असा आदळायचा, की भिंतीपलीकडे माझ्या खोलीतला चहाचा कप हलायचा.

आम्ही दोघं रहिमतपूरच्या एका शाळेत मास्तर होतो. मी मराठी शिकवायचो, ते चित्रकला. एकाच घरात शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या, मध्ये एक भिंत. औंधाला राहून ते मूर्तिकाम शिकले होते. वर्गात पुस्तकी बोलत, पण हात मातीत गेले की बोली गावाकडची व्हायची.

त्यांची माती कुंभाराची नव्हती. शाडू वस्त्रगाळ करून त्यात मधाच्या पोळ्याचं मेण आणि गोडं तेल घालून त्यांनी ती स्वतः केली होती. ती वाळत नाही, तडकत नाही, मोडून पुन्हा वापरता येते. खोड एकच, थंडीत ती दगड होते. मार्गशीर्षात तिच्यात नख शिरत नसे.

ती मऊ करायचा त्यांचा विधी तुम्ही पाहायला हवा होता. शेगडीवर मोठं पातेलं, त्यात पाणी, तळाशी एक खापरी आणि खापरीवर मातीचं झाकणाचं भांडं. तारेनं माती पातळ कापून त्या भांड्यात रचायची. पाण्याला वाफ यावी, उकळी येऊ नये. दारं-खिडक्या सताड उघड्या. उजव्या हाताशी वाळूची बादली, डाव्या हाताशी ओलं पोतं. त्या भांड्यांत कधी भात शिजायचा नाही, आणि माती तापत असताना ते जागचे हलायचे नाहीत.

मी एकदा म्हणालो, "अहो मास्तर, एवढा वेळ कशाला घालवता? सरळ निखाऱ्यावर ठेवा की."

ते माझ्यावर असे वळले की मी दोन पावलं मागं सरलो. "मेण हाय त्यात, तेल हाय! एकदा पेटलं तर इझायचं न्हाई. आन् वर पाणी वतलं तर घर जळंल. ध्येनात ठेवा!"

संताप त्यांच्या नाकावर असे. पण वर्गात त्यांनी छडी कधी हातात घेतलेली मी पाहिली नाही. पोरांनी कितीही दंगा केला तरी ते दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभे राहायचे. मला वाटायचं, तेवढीच ऐट.

बेचाळीसच्या पावसाळ्यात एका कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला. आमच्या शाळेतून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक मुलगा त्यात गेला. जवळच्याच खेड्यातला, पैलवानी अंगाचा. गोळी गळ्याखाली लागली होती. पोलिसांनी प्रेत घरी दिलं नाही. पहाऱ्यात, तोंड झाकूनच त्याला जाळलं. आई आडवी पडली तेव्हा तिला बंदुकीच्या दस्त्यानं बाजूला सारलं.

हिवाळ्यात ती बाई मास्तरांच्या दारात आली. कपाळावर त्या दस्त्याची खूण होती. मी तिथंच बसलो होतो.

"मास्तर, त्येचा फोटू न्हाई आमच्याकडं," ती म्हणाली. "दिस जात्यात तसं त्वांड पुसाया लागलंय. मला त्येचं त्वांड करून द्या."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी उठून शेगडी पेटवायला घेतली.

आठ दिवस ते शाळेतून आले की मातीचं डोकं घडवत बसत. रुंद कपाळ आलं, जाड भुवया आल्या. वरचा ओठ किंचित पुढं होता, तोही आला. डावा कान तेवढा राहिला. तिथं नुसती सपाट जागा.

"कान का सोडलात?" मी विचारलं.

ते बोटांवरची माती खरवडू लागले. मग म्हणाले, "कान मी मोडलाय त्येचा. सहावीत असताना माझी एक मूर्त त्येनं पाडली. मी अशी थप्पड हाणली की कानातनं रगात आलं. कान सुजला तो तसाच वाकडा राहिला. लोकांस्नी वाटायचं, कुस्तीत मोडला. पोरानं कुनाला सांगितलं न्हाई." त्यांनी तळवा माझ्यापुढं धरला. "ह्या हाताला त्यो कान अजून लागतोय. आन् करायला घेतला की हात चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी पोलीस आले. कुणीतरी कळवलं होतं की मास्तर बंडखोराचा पुतळा करतोय, तो चौकात बसवणार आहे. एक फौजदार, दोन शिपाई. मी माझ्या दारात उभा होतो, हातात वह्यांचा गठ्ठा. तो गठ्ठा मी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. आजही ती लाज जात नाही.

"कुणाचं डोकं हे?"

"माझ्या शिष्याचं," मास्तर म्हणाले.

फौजदारानं तोंडावर पहिला फटका मारला. शिपायांनी त्यांना पाडून पाठीवर, पिंढऱ्यांवर काठ्या घातल्या. काठी मांसावर बसते त्याचा आवाज ओला असतो. मास्तर ओरडले नाहीत. दोन्ही हात तेवढे त्यांनी पोटाखाली दाबून धरले होते.

"ऊठ," फौजदार म्हणाला. "तूच केलंस, तूच वितळव. माझ्यासमोर."

मास्तर उठले. ओठ फाटला होता, रक्त सदऱ्यावर गळत होतं. त्यांनी शेगडी पेटवली, पाण्याचं पातेलं वर ठेवलं, तळाला खापरी घातली. वाळूची बादली, ओलं पोतं, सगळं रोजच्या क्रमानं चाललं होतं.

"हे काय चाललंय?"

"साहेब, पाण्यातच तापवावी लागती. उघड्या इस्तवावर पेट घील."

फौजदारानं पातेल्याला लाथ घातली. पाणी खोलीभर पसरलं. कोपऱ्यात एक लोखंडी कढई होती, ती त्यानं निखाऱ्यावर ठेवायला लावली आणि एका शिपायानं ते डोकं उचलून तिच्यात टाकलं. वरून मास्तरांची तेलाची बरणी रिकामी केली.

"साहेब, पाया पडतो, झाकण तरी घाला!"

"गप."

आधी जबडा बसला, मग नाक ओघळलं. कढईतून काळा धूर निघू लागला. शिपाई वाकून काठीनं ते डोकं दाबत होता, तेवढ्यात जाळ उठला. दुसरा शिपाई घाबरला आणि त्यानं तांब्याभर पाणी कढईत फेकलं.

आढ्यापर्यंत आग गेली. वाकलेल्या शिपायाच्या छातीवर पेटतं मेण उडालं, मिशा जळाल्या, आणि तो जी किंकाळी फोडत नाचू लागला ती माणसाची वाटेना. फौजदार दाराबाहेर पळाला, मला धक्का देऊन. मास्तरांनी ओलं पोतं उचललं, शिपायाला मिठी मारून खाली पाडलं आणि त्याच्यावर लोळले. कपड्यांची आग विझली, पण चिकटलेलं मेण आत भाजतच होतं. मास्तरांनी ते दोन्ही हातांनी ओरबाडून काढलं. ते त्यांच्या बोटांना चिकटलं. ते झटकत होते, पुन्हा काढत होते. मग बादलीतली वाळू कढईवर ओतली आणि भिंतीला टेकून बसले. खोलीत जळलेल्या मांसाचा वास होता.

"जगंल त्यो," शिपायाकडं बघून ते म्हणाले. "गड्या, रडू नगंस."

शिपाई जगला. त्यानं काय जबाब दिला मला माहीत नाही, पण फौजदार परत आला नाही आणि खटलाही झाला नाही. मास्तरांच्या हातांना मी महिनाभर चुन्याच्या निवळीत खोबरेल घोटून लावत होतो. फडकी सुटली तेव्हा बोटं आत वाकलेली होती. दोन तर एकमेकांना चिकटली होती. खडू धरता येत नव्हता.

ती बाई आली. तिनं ते हात बघितले आणि तिथंच जमिनीवर बसली.

"मावशी, मला जमायचं न्हाई आता," मास्तर म्हणाले. "पर माती हाय अजून. तुमी करा."

"मी? आवं, मला भाकरीबिगर काय येतंय?"

"न्हाऊ घातलंय न्हवं त्येला? त्वांड पुसलंय? मग हातांस्नी म्हाईत हाय."

शेगडी मी पेटवली. मास्तर शेजारी बसून एकेक गोष्ट सांगत होते. पाणी एवढं, आच एवढी, झाकण असं. मऊ झालेला गोळा त्यांनी मनगटानं तिच्याकडं सरकवला. तिनं तो हातात घेतला, आणि तिला हुंदका फुटला. "आवं, ही तर अंगावानी गरम हाय."

चार दुपारी ती आली. डोळे मिटून करायची. तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. नाक बसकं, डोळे खोल. पण तिचा अंगठा भुवईवरून फिरायचा तेव्हा ती काहीतरी पुटपुटायची आणि मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

चौथ्या दिवशी ती डाव्या कानाशी आली. मास्तर ताडकन उठले.

"मावशी, त्यो कान... त्यो मी मोडला हुता. थप्पड मारून."

तिचे हात थांबले.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पडलो म्हनून सांगितलं त्यानं. पर गालावर पाच बोटं हुती, मास्तर. पाच. मी विळा घिऊन निगाली हुती तुमच्याकडं. त्येनंच पाय धरलं माझं."

मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

तिनं उरलेला गोळा उचलला. बराच वेळ ती त्या एका कानाशी होती. पाळी केली, आतली घडी केली. मग म्हणाली, "मास्तर, वळा. बघा."

कान सरळ होता. उजव्यासारखाच.

"जलमाला आला तवा धड हुता," ती म्हणाली. "मी धडच करनार."

वैरणीच्या पाटीत तळाशी ठेवून, वर कडबा टाकून ती ते डोकं घेऊन गेली. पुन्हा ती आमच्याकडं आली नाही. मास्तरांनी महिन्याभरात नोकरी सोडली आणि कवठे महांकाळला बहिणीकडं राहायला निघाले. मी सकाळी स्टेशनवर पोचवायला गेलो. त्यांची वळकटी मीच डब्यात ठेवली, तिकीटही मीच त्यांच्या वरच्या खिशात सरकवलं. नंतर त्यांचं एकही पत्र आलं नाही. येणार तरी कसं?

गाडी हलली तेव्हा ते खिडकीत होते. त्यांनी नमस्कारासाठी हात वर केले. मनगटं जुळली, तळव्यांचे कोपरे कसेबसे टेकले, आणि बोटं, जळलेल्या फांद्यांसारखी, एकमेकांना न लागताच उघडी राहिली. माझेही हात जोडलेलेच होते, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.