गोंदियात समुद्राचा प्रोफेसर

नोकरीच्या पहिल्याच दिवशी पटले सरांनी बजावलं, "समितीनं एकदा ठरवलं की का, काऊन विचारायचं नाही!"

"काऊन सर?" मी विचारलं.

तेव्हापासून किस्से साठतच चाललेत. पटले सर आमचे प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख, मी त्यांच्याकडे तासिका तत्त्वावर. यंदा आमच्या सरकारी विद्यापीठात सागरी जीवशास्त्राचा कोर्स सुरू झाला. मुलांनी धडाधड प्रवेश घेतले आणि मग कळलं, शिकवायला कोणीच नाही! या सत्रात प्रोफेसर मिळाला नाही तर कोर्स बंद. मुलाखतींचं टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तर हवेतच!

*

निवड समितीतले बिसेन सर भूगोलाचे, रिटायर्ड. जाहिरात वाचून म्हणाले, "समुद्र कुठं आहे इथं? कायले पाहिजे असला प्रोफेसर?"

"सर, तुम्ही जन्मभर ज्वालामुखी शिकवला. तुमच्या गावी, सौंदडला होता काय?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कामं फार भराभर झाली!

*

पहिला उमेदवार आला. पटले सरांनी त्याला हौसेनं तलावावर नेलं. "पाहा, पलीकडचा काठ दिसत नाही!"

तो बिचारा म्हणाला, "पण सर, भरती-ओहोटी?"

"असते ना! पावसाळ्यात भरती, उन्हाळ्यात ओहोटी!"

गडी संध्याकाळच्याच गाडीनं परत!

*

दुसऱ्या आल्या रत्नागिरीच्या डॉ. तांडेल मॅडम. प्रात्यक्षिकासाठी बर्फाच्या डब्यात सुरमई घेऊन, गाड्या बदलत. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही. सरांना वाटलं, भेट आणली! डबा थेट त्यांच्या घरी गेला.

सकाळी सर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मॅडम, रस्सा जबरदस्त! पण समुद्राचा मासा असून मीठ वरून टाकावं लागलं!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "काटे उरलेत का?"

उरले होते! ते धुऊन, टेबलावर मांडून मॅडमनी तास घेतला. सालेकस्याची एक मुलगी शेजारणीला गोंडीत समजावतेय, मागच्या बाकांवर पोवारी, खिडकीपाशी छत्तीसगढी. पटले सर ओरडले, "गप बसा रे!"

"बोलू द्या सर," मॅडम म्हणाल्या, "माझं एक लेक्चर चार भाषांत चाललंय!"

तास संपला तरी कोणी उठेना!

*

दुपारी समिती बसली.

"बाई हुशार आहे," पटले सर म्हणाले, "पण एकटी. लग्न झालं की निघून जाईल."

"पुढच्या वर्षी एखादा माणूस पाहू," बिसेन सर म्हणाले. "लिही पोरी: योग्य उमेदवार मिळाला नाही."

"आणि मुलं?"

"घेतील दुसरा विषय. लिही! कायले वेळ खाऊन राहिली?"

"नाही लिहिणार."

"काय म्हणालीस?"

"मी तो तास ऐकलाय सर. तुम्हीही ऐकलाय." मी वही दोघांपुढे सरकवली आणि पेन उघडून वर ठेवलं. "तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात. लग्नाचं कारणसुद्धा लिहा."

पटले सरांनी पेनाकडे पाहिलं. बिसेन सरांनी पटले सरांकडे. पेन कोणीच उचललं नाही.