शाकाहारी काका आणि कोंबडीची टाकी

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. काकांचा आकडा मी बदलला, आणि त्यांनी विचारलं तेव्हा आठवत नाही म्हणालो.

काका म्हणजे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या आमच्या कंपनीचे सल्लागार. कोंबडी न मारता, तिच्या पेशी स्टीलच्या टाकीत वाढवून चिकन करायचं, हा आमचा उद्योग. काका जन्मभर औषधकंपन्यांत टाक्या चालवून निवृत्त झालेले. अंड्यालाही न शिवलेला माणूस चिकनचा भाव काढायला बसला होता. आमची तरुण मालकीण, इथेच जन्मलेली, त्यांना चव घ्यायचा आग्रह करी. "काका, कोणी मेलं नाहीये, ट्राय करा ना."

"कोणी जगलंय तरी का?" म्हणत ते मेथीच्या भाजीचा डबा उघडत.

कुणी नवी योजना मांडली की काका चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "आणि नासलं तर?" असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असते.

त्यांचं अर्थशास्त्र साधं होतं. "कोंबडी उकिरडा उकरते, मका खाते आणि ठणठणीत राहते. रोगाशी लढायचं सामान तिला देवाने फुकट दिलंय. तुमच्या टाकीतल्या पेशींकडे काही नाही. त्यांना औषधाच्या भावाचं खाद्य घालायचं, आयसीयूत ठेवायचं, आणि विकायचं नगेट्सच्या भावात. हा धंदा नाही, जावई पोसणं आहे."

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला दोनशे माणसांचं श्रीखंड होतं. एकाच मोठ्या पातेल्यात दही लावू, काम वाचेल, असं सगळे म्हणत होते. काकांनी वीस भांडी मागितली. "एक बिघडलं तर एकोणीस उरतात." एकही बिघडलं नाही, आणि वीस भांडी घासताना काकूंनी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्हाला मात्र वीस भांडी परवडणारी नव्हती. मांस स्वस्त व्हायचं तर टाकी अवाढव्यच हवी. चहा पिताना काकांनी मला तोंडी अंदाज दिला, एवढ्या मोठ्या टाकीत दहांतली एक खेप जंतू शिरून वाया जाईल. तो आकडा घातला की आमचं चिकन दुकानातल्या चिकनच्या भावाजवळ फिरकेना. दुसऱ्या दिवशी गुंतवणूकदार यायचे होते आणि काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. हिशेबाचा तक्ता माझ्याकडे होता. मी दहाचे शंभर केले. एका शून्याचं काम. मला कुणी सांगितलं नव्हतं. अंदाज कुणाचा, या रकान्यात त्यांचंच नाव राहू दिलं.

पैसे आले, टाकी आली. तिसरी खेप नासली, मग सहावी. त्या वासात आठवडाभर कुणाला जेवण गेलं नाही. मालकीण म्हणाली, "काका, तुम्ही तर शंभरात एक म्हणाला होता."

काकांनी तिच्या स्क्रीनवर त्या आकड्यापुढे स्वतःचं नाव वाचलं. नंतर पार्किंगमध्ये त्यांनी मला गाठलं. "अरे, मी दहांत एक म्हणालो होतो ना?"

"आठवत नाही, काका."

"मग माझंच डोकं चळलं म्हणायचं." माझ्याच पाठीवर थोपटून ते गाडीत बसले.

महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. पुढे कंपनीही बुडाली, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. काका आता टेक्सासात, प्लेनोला मुलीकडे असतात. तिने त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलंय. फोनवर मजेत सांगतात, "दर वर्षी मेमरी टेस्टला नेतात. डॉक्टर म्हणतो, शंभरातून सात वजा करत जा. मी म्हटलं, शून्याच्या खालीही जाऊ का? तोच दमला."

सगळ्या टेस्टमध्ये ते पास होतात. तरी परवा मी माझ्या नव्या नोकरीतल्या एका टाकीबद्दल सल्ला विचारला, तर म्हणाले, "सांगतो, पण माझ्या आकड्यावर जाऊ नकोस रे. दुसऱ्या कुणाकडून तपासून घे."

मी तपासून घेतो म्हणालो.

मी त्यांना एक वाक्य देणं लागतो: काका, तुमचं डोकं शाबूत होतं, खोटं मी बोललो. ते अजून दिलेलं नाही.