गवा छापचा लाल डबा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या नानाजी मांदाडेंनी आयुष्यभर एकच हट्ट धरला, रिकाम्या डब्याला भोक पाडू द्यायचं नाही. बाकी माणूस अगदी मऊ. बायको करेल ती भाजी खायची, पोरगा सांगेल त्या कागदावर सही करायची, गिऱ्हाइकानं तासभर बसवून ठेवलं तरी हसत बसायचं. पण डब्याचा विषय निघाला की टेबलावर हात आपटायचे.

मोटर ऑइलच्या धंद्यात एक रीत आहे. ऑइल इंजिनात ओतून झालं की मेकॅनिकनं तिथल्या तिथं डब्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसायचा. डबा शाबूत राहिला तर कोणीतरी त्यात जळकं ऑइल गाळून भरतो, नवं झाकण लावतो आणि नव्या मालाच्या भावात विकतो. मोठ्या कंपन्या तशी सूचनाच डब्यावर छापतात. नानाजींच्या 'गवा छाप'वर ती सूचना कधीच नव्हती. ती नव्हती म्हणून कंपनी चालली, आणि बुडाली तीही त्याच कारणानं.

घर तेल्याचं. वडिलांची घाणी होती, जवस आणि टोळ गाळायची. टोळ म्हणजे मोहाचं बी. खाली उरलेल्या गाळात राख कालवून वडील बैलबंडीच्या आसाचं वंगण करायचे आणि पळसाच्या द्रोणात विकायचे. पुढे मूलच्या आसपास धानाच्या गिरण्या वाढल्या, बंड्या कमी झाल्या आणि रस्त्यानं ट्रॅक्टर दिसू लागले. तेव्हा जेमतेम मॅट्रिक झालेले नानाजी बापाला म्हणाले, "बा, बंडीले वंगन लागते तसं इंजनालेही लागते. मंग आपन काऊन नाई करायचं?" बापानं त्याच महिन्यात घाणीचा बैल विकला.

घाणीच्याच शेडमध्ये नागपूरचं बेस ऑइल आणि मुंबईहून येणारं रसायन मिसळून पहिला माल निघाला. डब्यावर चित्र हवं म्हणून वडशाहून नाटकाचे पडदे रंगवणारा पेंटर आणला. त्याला रानगवा काढायला सांगितला होता. त्यानं जे काढलं त्याला मूलचा बाजार पुढे वर्षभर 'म्हैस छाप' म्हणत होता. नानाजींनी चित्र बदललं नाही. "म्हैस तं म्हैस, दूध तं देते नं," म्हणून ते स्वतःच हसायचे.

सुरुवातीला पत्र्याचे डबे होते, मग लाल प्लास्टिकचे पाच लिटरचे आले. रुंद तोंड, जाड कडी, घट्ट झाकण. मेकॅनिक त्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसायला लागले तेव्हा पहिल्यांदा कळवळल्या त्या नानाजींच्या बायको, इंदुताई. "एवढा गोजिरवाणा डबा, अन् त्याले टोचा मारता? जंगलातल्या बायाईले पानी भराले भांडं नाई," त्या म्हणाल्या. नानाजींना ते पटलं. त्यांनी प्रत्येक दुकानदाराला, प्रत्येक मेकॅनिकला बजावलं की गवा छापचं ऑइल गड्याचं आणि डबा बाईचा.

आता शहाणी माणसं सांगतात, ऑइलच्या डब्यात पाणी भरू नये. खरं आहे. पण तेव्हा कोणी ते सांगायला आलं नव्हतं आणि दुसरं भांडंही कोणी आणून दिलं नव्हतं. बाया डबा राखेनं आणि उकळत्या पाण्यानं चार-चार वेळा घासायच्या. कोणी त्यात पाणी न्यायची, कोणी मोहफुलं, कोणी बियाण्याचं धान. ट्रॅक्टरवाला दुसरं ऑइल घेऊन घरी गेला तर बायको विचारायची, लाल डबा कुठं आहे? पाहता पाहता चंद्रपूरपासून गडचिरोलीच्या आतल्या जंगलापर्यंत गवा छाप पोचला. मोठ्या कंपन्यांचे टायवाले पोरगे नकाशे घेऊन फिरत राहिले आणि मूलचा हा माणूस बायांच्या भरवशावर विकत राहिला.

एकच अडचण झाली. बोरिंगच्या हातपंपावर वीस बाया आणि वीसही डबे लाल. कोणाचा कोणता यावरून झिंज्या उपटायची पाळी आली. मग बायांनी विळ्याचं टोक चुलीत तापवून डब्याच्या बुडाला आपापली खूण डागायला सुरुवात केली. कोणाची फणी, कोणाचा विंचू, कोणाची नुसती फुली. नानाजी आठवडी बाजार करत गावोगाव फिरायचे, त्यांना त्या खुणांचा नादच लागला. बोरिंगवर थांबून डबा उलटा करायचे आणि हा अमकीचा, हा तमकीचा म्हणून ओळखून दाखवायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. कंपनीचा मालक असल्याचा गर्व त्यांना फारसा नव्हता, पण ह्या ओळखीचा होता.

कोसमटोल्याच्या सुकरी मडावीची खूण होती तीन ठिपके आणि खाली एक तिरपी रेघ. तिच्या मनगटावर गोंदलेलं होतं तसंच. तिचा नवरा कोलू हा त्या भागात गवा छाप घेणारा पहिला माणूस, आणि पुढे नानाजींचा जिवाभावाचा मित्र. त्या बाजूला गेले की नानाजी त्यांच्याकडेच उतरायचे. सुकरी त्यांना भात आणि अंबाडीची भाजी वाढायची. त्यांचा मुलगा लोकेश नानाजींना 'मोठेबाबा' म्हणायचा. पोरगं उंच, काटक. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावायचं. त्या मुलखात शिकलेल्या पोराला दुसरं करण्यासारखं होतंच काय? गेल्या भरतीत त्यानं मैदान मारलं, लेखी काढली आणि निवड यादीत त्याचं नाव आलं. कोलूनं कोंबडा कापला आणि नानाजींना निरोप धाडला. नानाजी पेढे घेऊन गेले आणि पोराला मिठी मारून लहान मुलासारखे रडले.

कंपनीचे दिवस मात्र तेव्हाच फिरले होते. वर्षभरापासून तक्रारी येत होत्या. ब्रह्मपुरीच्या एकाचं ट्रॅक्टरचं इंजिन ऐन धानाच्या रोवणीत जाम झालं. सिंदेवाहीच्या गिरणीचं झालं. लोक डबा आणून टेबलावर आदळायचे आणि म्हणायचे, हे घ्या तुमचं ऑइल. आत काळपट, पातळ पाणी. नानाजी शपथा घ्यायचे की हा माल आमचा नाही. लोक म्हणायचे, डबा तर तुमचाच आहे. कोणीतरी कुठल्यातरी शेडमध्ये जळकं ऑइल भरत होतं, हे उघड होतं. मुलगा प्रफुल कारखाना पाहायचा. तो चिडून म्हणाला, "बाबा, किती वर्षांपासून सांगून राह्यलो, डब्याले भोक पाडा. आता घ्या." नानाजींनी पहिल्यांदाच टेबलावर हात आपटला नाही. चाळीस वर्षांचं नाव डोळ्यांदेखत मातीत जात होतं आणि चोर कोण हे कोणालाच दाखवता येत नव्हतं.

मग एका दुपारी नागभीडला एका दुकानात नानाजींनी आपल्याच मालाचा सीलबंद डबा हातात घेतला. नवं लेबल, नवं झाकण. सवयीनं त्यांनी तो उलटा केला. बुडाला तीन ठिपके आणि एक तिरपी रेघ.

त्यांना इतका आनंद झाला की भाव न विचारताच त्यांनी तो विकत घेतला. भरलेल्या डब्यावर बाईची खूण, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? कारखान्यातून निघालेल्या डब्यावर सुकरीची खूण कशी असेल? हातच्या कांकणाला आरसा कशाला! त्यांनी प्रफुलला बोलावून घेतलं आणि बाप-लेक तो डबा फडक्यात गुंडाळून थेट ठाण्यात गेले. रस्ताभर नानाजी बडबडत होते. कंपनी वाचली, नाव वाचलं, आता चोराची शेड सापडेल. सुकरी त्या वेळी त्यांच्या मनात होती ती फक्त तीन ठिपक्यांएवढी.

ठाण्यातले साहेब सभ्य होते. डबा न्याहाळून म्हणाले, "या खुणेनं काय सिद्ध होतं? अशी रेघ कोणीही मारेल."

"कोनीही नाई, साहेब," नानाजी ताठ बसून म्हणाले. "हे कोसमटोल्याच्या सुकरी मडावीची खूण होय. पंचवीस वर्षांपासून पाह्यतो मी. डोळे बांधले तरी हातानं सांगीन."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. समोरच्या हवालदारानं नाव लिहून घेतलं.

पुढचं सगळं चार-आठ दिवसांत झालं. कोसमटोल्यात पोलिसांची गाडी गेली. पोलिसांनी सुकरीपुढे डबा धरला. लोकेश पुढे झाला आणि खरं तेच बोलला. डबे जुने झाले होते, आईनं फेकायला काढले होते, त्यानं गावातल्या पाच-सहा घरचे गोळा करून भंगारवाल्याला दिले आणि त्यात धावायचे बूट घेतले. भंगारवाला म्हणाला, मी कोणाचे डबे घेत नाही. दुकानदार म्हणाला, माल फिरत्या गाडीवाल्यानं दिला, गाडी ओळखत नाही. त्यानं चांगला वकील लावला. शेड सापडलीच नाही, सापडेल असं कोणी शोधलंही नाही. बनावट मालाच्या गुन्ह्यात नाव पक्कं लागलं ते एकाच माणसाचं, कारण कबुली त्या एकट्यानंच दिली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि चारित्र्य पडताळणीत गुन्हा दिसल्यावर लोकेशचं नाव निवड यादीतून गेलं.

नानाजी धावत ठाण्यात गेले. म्हणाले, माझी तक्रार मला मागे घ्यायची आहे. साहेबांनी चहा पाजला आणि समजावलं की आता ते तुमच्या हातात नाही, कोर्ट पाहील. कोर्ट कधी पाहील? साहेब म्हणाले, लागतील काही वर्षं. तोवर भरतीचं वय निघून जाणार होतं. नानाजींनी वकील गाठले, पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले, भरतीच्या कार्यालयाबाहेर उन्हात उभे राहिले. पोरगा निर्दोष आहे, चूक माझी आहे, असं जो भेटेल त्याला सांगत सुटले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. नुसतं ऐकून घेणाऱ्या माणसांची इतकी चीड त्यांना आधी कधी आली नव्हती.

ज्या नावासाठी हे केलं ते तरी वाचलं का? पेपरात चार ओळी आल्या, 'गवा छाप'चा बनावट साठा जप्त. लोकांनी 'गवा छाप' आणि 'बनावट' एवढेच शब्द वाचले आणि उरलेले दुकानदारही तुटले. दिवाळीआधी कारखाना बंद झाला. प्रफुलनं एका मोठ्या कंपनीची एजन्सी घेतली. त्या कंपनीच्या डब्यावर भोक पाडायची सूचना ठळक छापलेली असते. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं इंदुताई एकदा म्हणून गेल्या. नानाजी चिडले नाहीत. कंपनीचं दुःख करायला त्यांच्यात जागाच राहिली नव्हती.

धान कापून झाल्यावर ते कोसमटोल्याला गेले. जायचं धाडस गोळा करण्यात सगळा पावसाळा गेला होता. फाट्यावर उतरून चालत निघाले. नाल्याच्या पुलाशी येऊन थबकले. खाली कोरड्या रेतीत लाल डब्यांचा ढीग पडला होता. गाडी येऊन गेल्यावर गावातल्या बायांनी घरातला एकूण एक डबा आणून, विळ्यानं पोट फाडून तिथं टाकला होता. कोणाच्या घरी पुन्हा खूण सापडायला नको. बोरिंगवर पाच बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. नानाजींना पाहून त्यांनी तोंडं फिरवली. कोणी हसलं नाही, कोणी शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

कोलू अंगणात होता. त्यानं जोहार केला, बाज टाकली. सुकरीनं पाण्याचा लोटा आणून ठेवला. रीत चुकली नाही.

"लोकेश कुठी आहे?" नानाजींनी विचारलं.

"मिरची तोडाले गेला तेलंगनात, टोळीसंगं," कोलू म्हणाला.

"चुकलो मी, कोलू. मले वाटलं, चोर सापडन. आपल्या लोकेशचं नाव निंगन असं सपनातही..." ते सुकरीकडे वळून हात जोडायला लागले.

सुकरीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती आपल्या मनगटावरून अंगठा फिरवत होती. "ते खूण मी पोलिसाले दाखवाले नोती केली, भाऊ," ती म्हणाली. "बायाईत भांडन होऊ नये म्हून केली होती." आणि ती घरात गेली.

नानाजींना वाटलं, आता कोलू नेहमीसारखं म्हणेल, जेवून जा, भाऊ. कोलू उठला.

"भाऊ, तुमच्यावर राग नाई जी," तो अगदी हळू म्हणाला. "पन आता इथी येऊ नोका. त्या दिवसापासून गावात कोनी पाहुना आला का दुसऱ्या दिवशी पोलीस येते. कोन आलता, काऊन आलता, इचारते. लोकेश घरी येनार आहे मिरची झाल्यावर. त्याले आता कोनाचं काई इचारलेलं सहन होत नाई."

नानाजींनी मान हलवली. लोट्यातलं पाणी तसंच राहिलं होतं, ते प्यावं की नाही हेही त्यांना कळेना. ते उठले आणि चार पावलं गेले नाहीत तोच मागे लाकूड करकरलं. भर दुपारी कोलू घराचं दार आतून लावून घेत होता. पंचवीस वर्षांत कोसमटोल्यात दिवसा लावलेलं दार त्यांनी पाहिलं नव्हतं.