दुपारी एक ते चार चालू

माझ्या आजाराचं नाव इंग्रजी आहे. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून दिलं तेव्हा मी ह्यांच्याकडून वाचून घेतलं आणि लगेच विसरले. आमच्या घरात त्याला दोनच शब्द, चढणं आणि उतरणं. उतरले की मी आठवडेच्या आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, केस विंचरणंसुद्धा जिवावर यायचं. आणि चढले की झोप उडायची, डोक्यात कल्पनांची नुसती रांग लागायची. अशीच एकदा चढले असताना मी टेम्पोभर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागवल्या. आमचं कोथरूडचं दुकान बादल्या, झाडू, दोऱ्या असल्या घरगुती सामानाचं, आणि एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत असली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. खुर्च्या मग जिन्यात, गच्चीवर, मिळेल तिथे रचल्या. आमच्या इमारतीतल्या कुठल्याही बारशाला खुर्च्या भाड्याने आणाव्या लागत नाहीत, ती माझी कृपा.

पुढे गोळ्या लागू पडल्या आणि मी ठीक झाले. पण ठीक झालेल्या माणसाची वेगळीच गंमत असते. बाकीच्यांनी दूधवाल्यावर आवाज चढवला तर ते तापट. मी चढवला तर लक्षण. मी जरा मोकळेपणी हसले की हे आणि माझी नणंद एकमेकांकडे बघणार. मी हसू आवरतं घ्यायची. त्यांनी माझ्यासाठी काय सोसलं होतं ते मला माहीत होतं.

त्याच सुमाराला पुण्यात कंपन्या आल्या आणि कोथरूडच्या भाड्याच्या खोल्या नागपूर, अमरावती, यवतमाळकडच्या पोरापोरींनी भरल्या. त्यातली बरीच मुलं रात्रभर अमेरिकेशी फोनवर बोलायची, सकाळी येऊन झोपायची आणि दुपारी उठायची. उठल्यावर त्यांना आठवायचं, घरात बादली नाही. आणि आमचं शटर एक ते चार बंद. आमचंच काय, अख्ख्या रस्त्याचं. पुण्यात त्या वेळात जागा फक्त सिग्नल असतो.

मी रात्री छान झोपायची, त्यामुळे दुपारी डोळा लागायचा नाही. दुकानाच्या वरच आमचं घर. खाली कुणी शटर वाजवलं की मला ऐकू यायचं. एके दिवशी मी गेलेच खाली. एक मुलगी उभी होती, डोळे सुजलेले, नुकतीच उठलेली.

"काकू, दुपारी काऊन बंद ठेवता जी? तुम्ही उघडता तवा मी हापिसच्या गाडीत असते."

"बंद ठेवतो कारण बंद असतं," मी म्हटलं. मग मलाच ते उत्तर पटलं नाही. शटर अर्धं वर केलं, तिला बादली, प्लॅस्टिकचा मग आणि कपडे वाळत घालायची दोरी दिली. ती जाताना म्हणाली, "उद्या माझ्या मैत्रिणीला पाठवू?"

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, "उद्यापासून मी दुपारी दुकान उघडं ठेवणार आहे."

ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. "रात्री झोप लागते ना तुला?" एवढंच विचारलं आणि बहिणीला फोन केला.

नणंदबाई पेठेतून रिक्षा करून आल्या. "वहिनी, एक ते चार?"

"हो."

"आपल्या पुण्यात?"

"हो."

त्या ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, उद्याची वेळ घे डॉक्टरांची."

मला हसू येत होतं, पण हसले असते तर तेही लक्षणात गेलं असतं. आतून मात्र धास्ती होती. गोळ्या वाढवल्या की मी दिवसभर पेंगत बसायची, शब्द तोंडात जड व्हायचे. शहाणपणाची एक कल्पना सुचली म्हणून पुन्हा तसं व्हायचं? आणि डॉक्टरसुद्धा म्हणाले हा आजारच, तर माझ्या डोक्यात आलेली कुठलीही गोष्ट पुढे कुणी माझी म्हणून मानणार नव्हतं.

डॉक्टरांनी ह्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "रात्री झोप किती?"

"दहाला पडते, सहाला उठते."

"दुपारसाठी नवीन माल काय मागवलात?"

"काहीच नाही. आहे त्यातच विकायचं."

"आणि चाललं नाही तर?"

"तर शटर खाली ओढायचं. आपलंच आहे."

डॉक्टर ह्यांना म्हणाले, "हा आजार नाही."

"अहो, पण डॉक्टर, दुपारी दुकान उघडं?"

"आजार नाही म्हटलं. योग्य आहे असं मी कुठे म्हणालो?"

बाहेर पडताना मी दारावरची पाटी वाचली. दवाखाना दुपारी एक ते चार बंद.

दुकान चाललं, छान चाललं. पोरी बादली न्यायला यायच्या आणि घरच्या गोष्टी सांगत बसायच्या. समोरचे किराणावाले आठवडाभर आपल्या बंद शटरच्या फटीतून माझ्याकडे बघत होते, मग त्यांनी बघणं सोडलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मला पहाटे तीनलाच जाग यायला लागली. एके दुपारी मी एका मुलीला पैसे न घेताच झाडू दिला, मग दुसरीला दिला, आणि वाटलं, सगळ्यांनाच द्यावेत, रात्रीही दुकान उघडं ठेवावं, शेजारचा गाळाही घ्यावा. कल्पना फार सुंदर वाटत होत्या. त्यावरूनच ओळखलं. मी शटर ओढलं, वर गेले आणि ह्यांना झोपेतून उठवलं. "अहो, आता मात्र डॉक्टरांकडे चला. ह्या वेळी खरंच चढतंय."

ह्यांनी नणंदेला फोन केला नाही. शर्ट घातला आणि निघाले. दवाखाना चारला उघडेपर्यंत आम्ही त्याच्या पायरीवर बसून राहिलो.

गोळ्या बदलल्या आणि मी थोडे दिवस वर पडून राहिले. दुसऱ्याच दुपारी खाली शटर वर गेल्याचा आवाज आला. ह्यांचं सगळं आयुष्य वामकुक्षीत गेलेलं, मला खरं वाटेना. खिडकीतून आवाज आला.

"काकू नाहीत का जी?"

"वर झोपलीय. मनाचा आजार आहे तिला. अधूनमधून उसळतो. औषध चालू आहे."

ह्यांनी हे परक्या माणसाला सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "बरं. आराम करू द्या त्यांना. मला ती निळी बादली दाखवा."

"वरच्या फळीवर आहे. तुम्हीच काढून घ्या. ही माझी झोपेची वेळ आहे."