बेलाचं उष्टं बी

किनवटच्या जंगलातून आलेली बेलफळं पोत्यात वास मारू लागली होती, आणि टाकीत पाणी वीतभर उरलं होतं. लातूर तेव्हा नवा जिल्हा, त्यात दुष्काळ. मी मुरुडजवळच्या रोपवाटिकेत फॉरेस्टर होतो.

बेलाचं बी चिकट गरात असतं. गरासकट ठेवलं की सडतं. धुवायचं, सावलीत वाळवायचं, मग साठवायचं. पण धुण्यात पाणी घालवलं तर बेडवरची लिंबाची रोपं मेली असती.

वरच्या साहेबांना फोन लावला. "एक टँकर मिळेल का?"

"बियांना टँकर? लोक मला फाडून खातील! बेल सोडा."

सोडतो कसा? आमचे स्टोअरकीपर शिवाप्पा, कपाळाला भस्म लावणारा लई गोड माणूस. त्यांच्या गावच्या महादेवाचा जुना बेल दुष्काळात वाळला होता. "नवा बेल मी आणतो," असं ते अख्ख्या गावाला सांगून बसले होते.

"शिवाप्पा, फळं खाऊन टाकू," मी म्हणालो. "गर पोटात, बी राखेत. पाणी लागतच नाही."

"महादेवाच्या झाडाला उष्टं बी? येड लागलं का साहेब?"

"मग सडू द्यायचं?"

"आज सोमवार हाय. उपास हाय माझा."

"उपासाला फळ चालतं की!"

त्यांचा चेहरा बघून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. शेवटी "माफ कर रे देवा" म्हणत त्यांनी एक फळ फोडलं. मग रोजंदारीवरच्या बायाही बसल्या. कुणीतरी गूळ आणला. दुसऱ्या दिवशी निम्मा स्टाफ पोट धरून होता, पण बी राखेत छान कोरडं झालं. पाऊस उशिरा आला, तरी उगवलं.

रोप लावायला शिवाप्पा मला गावी घेऊन गेले. देवळात त्यांचे पुजारी, म्हणजे जंगमस्वामी, वाट बघत होते. रोप खाली ठेवायच्या आधीच शिवाप्पा बोलले, "स्वामी, खोटं बोलत न्हाई. हे बी आमच्या तोंडातलं हाय. नको म्हन्ला तर परत नेतो."

स्वामी खदखदून हसले. "अरे, पिंपळ कावळ्याच्या पोटातून येतो, त्याला आपन हात जोडतोत. तू तर आंघोळ करनारा मानूस. लाव!"

"दुष्काळात आंघोळ तरी कुठं केलती, स्वामी?" शिवाप्पा म्हणाले, आणि डोळे पुसत खड्ड्यात उतरले.

नियम मात्र तोच आहे. बेलाचं बी धुऊनच साठवावं. पाणी असलं तर.