सिस्टरच्या सायकलीचा नंबर

सिस्टरला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी तिला सिस्टर म्हणायचं कोणी सोडलं नव्हतं. दवाखान्यातले म्हणायचे ते ठीक. पण जाऊबाई, शेजारीण, भाजीवाला आणि एकदा तर सख्खी आईसुद्धा तिला सिस्टर म्हणून मोकळी झाली होती. नवरा तेवढा 'अगं' म्हणायचा. या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान घराला लागूनच होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की माणूस फोडणीच्या वासातून थेट ग्रीसच्या वासात जायचा.

मिस्त्रींकडे महिन्यातून एक तरी गिऱ्हाईक वडिलांची गंजलेली सायकल घेऊन यायचं. "आठवण आहे हो, पहिल्यासारखी करून द्या." मिस्त्री हातातला पाना खाली न ठेवता विचारायचे, "चालवणार कोण?" गिऱ्हाईक सायकलीची घंटी पुसायला लागायचं. "मग एक फोटो काढा आणि भंगारात द्या. फोटोत हवा भरावी लागत नाही." लोक दुखावले जायचे, पण ऐकायचे. एका ग्रंथपालाने आजोबांची सायकल खरंच देऊन टाकली आणि आठवड्याने मुद्दाम येऊन सांगितलं, की आता जिन्यातून सरळ चढता येतं.

बायकोच्या सायकलीपाशी मात्र हा सगळा करडेपणा कुठे जायचा कोण जाणे. ती हिरवी सायकल एकतीस वर्षं सिस्टरला ड्युटीवर नेत होती. दोन वर्षांपूर्वी सिस्टर एका वळणावर पडली, डावं मनगट मोडलं. मिस्त्रींनी सायकल खांद्यावर टाकून आणली, दुकानाच्या मागच्या भिंतीवर हुकाला टांगली आणि म्हणाले, "अगदी पहिल्यासारखी करतो, मग घे."

पहिलं वर्ष कंपनीच्या शिक्क्याचं चेन कव्हर शोधण्यात गेलं. मग तोच हिरवा रंग हवा म्हणून भिंतीवर अकरा पट्टे मारून झाले. अकराही हिरवे होते. मिस्त्रींच्या मते एकही हिरवा नव्हता. मनगटाचं हाड सहा आठवड्यांत जुळलं. सायकलीचा रंग काही जुळेना.

"अहो, काळं कव्हर लावा की," ती म्हणाली, तेव्हा त्यांनी असं पाहिलं, जणू तिने सासूबाईंच्या फोटोला मिशा काढायला सांगितल्या होत्या.

"त्या सायकलीला काळं? आठवणी आहेत तिच्यात."

"माझ्या की तुमच्या?"

"दोघांच्या."

सिस्टरने एकतीस वर्षं वॉर्डात काढली होती. पेशंटला घरी न्यायला मन धजत नसलं की नातेवाईक काय बोलतात ते तिला पाठ होतं. आधी खोली रंगवतो, आधी पंखा बसवतो. नवरा भ्यालाय हे तिला कळत होतं. पण त्या भीतीची किंमत ती चालत मोजत होती, हे त्यांना कळत नव्हतं.

चालत किंवा पुतण्याच्या स्कूटरवर. गावाच्या दुसऱ्या टोकाला चित्रकलेच्या एक निवृत्त बाई एकट्या राहत. त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती, रोज ड्रेसिंग लागायचं, ते सिस्टर करायची. पुतण्या सोडायचा, पण तो विमा विकायचा, आणि जाता-येता काकूला मृत्यूविषयी सांगायचा. शिवाय त्याला काम निघालं की ड्रेसिंग चुकायचं. त्या महिन्यात तीनदा चुकलं. चौथ्या वेळी बाई फोनवर म्हणाल्या, "राहू दे गं, तू तरी किती जणांच्या पाया पडशील." त्या रात्री सिस्टर नीट जेवली नाही.

मिस्त्रींच्या दुकानाचा एक नियम होता. आलेल्या प्रत्येक सायकलीच्या हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, तिच्यावर नंबर, आणि काम नंबराप्रमाणेच. मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. सिस्टरच्या सायकलीला चिठ्ठी नव्हती. घरच्या कामाला चिठ्ठी नाही, म्हणून नंबर नाही, म्हणून ते काम होत नाही. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला आपल्याला दोन वर्षं लागली, याचा तिला रागच आला.

सोमवारी सकाळी ती पुढच्या दाराने बाहेर पडली, वळसा घालून दुकानासमोर गेली आणि दूधवाल्याच्या मागे उभी राहिली.

"काय गं? चहा झाला का?" मिस्त्रींनी विचारलं.

"चहाचं घरी. सायकल टाकायची आहे दुरुस्तीला. ती, मागची."

मिस्त्रींनी दूधवाल्याकडे पाहिलं. दूधवाला कुठेही जाणार नव्हता.

"चालवणार कोण?"

"मी."

"कुठे?"

"हे सगळ्यांना विचारता?"

"मला नाही बुवा कधी विचारलं," दूधवाला म्हणाला.

"ओरिजिनल कव्हर मिळत नाहीये," मिस्त्री म्हणाले.

"मिळेल ते लावा."

"काळं लावलं की चांगलं दिसत नाही. आणि ढिलं बसलं तर कपडे खराब होतील."

"धुतं कोण?"

मिस्त्रींनी पुठ्ठा काढला. सात नंबर घातला. नावाच्या जागी पेन थांबलं. इतक्या वर्षांत तिला हाक मारायला त्यांना नाव लागलंच नव्हतं.

"सिस्टर लिहा," ती म्हणाली. "सगळे तेच म्हणतात."

चौथ्या दिवशी सात नंबर आला. मिस्त्री दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी त्यांनी सायकल दारात आणून उभी केली. काळं कव्हर, नवे ब्रेक, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली घेतलेली सीट. रंग जुनाच, जिथे उडाला होता तिथे उडालेला.

सिस्टर बसली, पायडल मारलं आणि दहा पावलांवर शेजाऱ्यांच्या भिंतीत गेली. लागलं नाही. पण पुन्हा बसली तर पुन्हा उजवीकडे, पुन्हा तीच भिंत. शेजारीण बाहेर येऊन भिंत बघून गेली.

"काय केलंत हिला?"

"पुढचा चिमटा वाकला होता," मिस्त्री म्हणाले. पुढचं चाक धरणाऱ्या त्या दोन लोखंडी पायांवरून त्यांनी हात फिरवला. "सायकल डावीकडे ओढायची. सरळ केला. त्यामुळेच तर पडलीस तू."

"पडले ते एका पेशंटने गच्चीवरून हाक मारली आणि मी वर बघितलं म्हणून. चिमटा वीस वर्षं वाकलेला आहे. ती डावीकडे ओढते, मी उजवीकडे ओढते, तेव्हा आम्ही सरळ जातो. आता ती ओढत नाही आणि मी एकटीच ओढतेय."

"सवय होईल."

"साठीनंतर? तोवर ती भिंत राहील का? पुन्हा वाकवा."

"चांगला चिमटा वाकवू? उभ्या जन्मात असलं काम केलं नाही मी."

"गिऱ्हाईक सांगतंय."

मिस्त्रींनी हातातला फडका खांद्यावर टाकला. मग त्यांनी पुढचं चाक काढलं, चिमटा शिकंज्यात धरला आणि लांब पाइप लावून रेटला. "बस?" त्यांनी विचारलं. तिने चाक बसवायला लावलं, दारातल्या दारात एक फेरी मारून बघितली आणि म्हणाली, "अजून थोडा." त्यांनी अजून थोडा वाकवला. ग्रंथपाल दुकानाबाहेरून जात होता. तो हे बघून थांबला आणि काही न विचारता पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ड्रेसिंगची पिशवी कॅरियरला लावून निघाली. सायकल डावीकडे ओढत होती, ती उजवीकडे, आणि रस्ता बरोबर मधून जात होता. दुसऱ्या चौकात तिला मागून कुरकुर ऐकू आली. तिने वळणाच्या निमित्ताने तिरकं पाहिलं. शंभर पावलांवर मिस्त्री येत होते. दुकानात तयार असलेली एकच सायकल होती, कोणाच्या तरी मुलीची, गुलाबी, हँडलला झिरमिळ्या असलेली. गुडघे दोन्ही बाजूंना फाकवून, चेहरा कामावर निघालेल्या माणसासारखा ठेवून ते पायडल मारत होते.

सिस्टरने काही पाहिलं नाही. पुढे चढ लागला, तेव्हा तिने वेग थोडा कमी केला. एवढ्याशा चाकांवर चढ म्हणजे खेळ नाही.